अकराव्या मजल्यावरची शीव

पंखा जरा कमी कर रे संकेत. गॅलरीतला दिवा मात्र राहू दे. स्वप्नाली, उद्या तुम्ही वुडलँड्सला फ्लॅट बघायला चाललात ना, भाडं परवडतं म्हणून? जा, जरूर जा. बोटीवरची नोकरी संपल्यापासून मी तिथेच राहतो, मला तरी कुणी अजून खाल्लेलं नाही. फक्त एका ब्लॉकच्या अकराव्या मजल्याबद्दल कानावर घालून ठेवतो. नाहीतर उद्या म्हणाल, शामकांत काकांना सगळं ठाऊक होतं आणि म्हातारा बोलला नाही.

आणि आधीच सांगतो, तो इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना वगैरे नव्हता. तो ऑगस्ट-सप्टेंबरातच संपला होता. हा होता गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, तेरा तारीख, गुरुवार. घरात दूध संपलं होतं, सुरुवात म्हणाल तर एवढीच.

नरेशला ओळखता तुम्ही. जयंतीच्या कार्यक्रमाला साउंडच्या वायरी ओढत फिरतो, चष्मेवाला, तोच. वन-नॉर्थला एका कंपनीत नोकरी. बायको भावना तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली होती. घरात हा आणि त्याचे वडील, बाबूराव. त्यांना तो आबा म्हणतो. आबांना पहाटे चारला चहा लागायचा, आणि दूध संपल्याचं या शहाण्याच्या लक्षात आलं रात्री पावणेबाराला. ब्लॉकखालचं दुकान चोवीस तास उघडं असतं. पायात चपला अडकवल्या आणि गेला खाली.

आबा नेहमीप्रमाणे दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. शहात्तर वर्षांचा माणूस, कुंभार्ली घाटात पीडब्ल्यूडीच्या टोळीत रस्त्यावर आयुष्य काढलेलं. एसीत झोप येत नाही, खिडकी बंद करून तर नाहीच. तंबाखूवर इथे बंदी, त्यामुळे तोंड रिकामं आणि डोकं जागं. रात्र रात्र तिथेच बसायचे. ब्लॉक जुना आहे. एका अंगाला ओळीने दारं, दुसऱ्या अंगाला छातीएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडे अकरा मजले खाली कार पार्क. एका टोकाला लिफ्ट. दुसऱ्या टोकाला कोरी भिंत. नरेशचं दार सगळ्यात शेवटचं, त्या भिंतीला लागून.

दूध घेऊन वर आला तर आबा म्हणाले, "आज लई जण हायत."

"कोण?"

"वझंवाली माणसं. लिफ्टच्या अंगाला हुबी हायत बग. तू त्यांच्यातनंच आलास की."

नरेशने मागे वळून पाहिलं. कॉरिडॉर रिकामा. ट्यूबलाइट, शेजाऱ्यांचे चपलांचे रॅक, कुणाची तरी सायकल. सोमवारपासून आबा हेच सांगत होते. रात्री पाठीवर ओझं घेतलेला एखादा माणूस येतो, भिंतीपर्यंत जातो, थोडा वेळ उभा राहतो आणि मागे फिरतो. नरेशला वाटलं, पार्सलवाले असतील, दार सापडत नसेल. इथे रात्री बारालाही लोक पार्सल मागवतात. आबांना तो म्हणाला, "झोपा आता," आणि स्वतः झोपायला गेला.

आता नरेशच्या कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चीनमध्ये चिनलिंग नावाची मोठी डोंगररांग आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिच्यातून वाटा काढल्या. एका नदीच्या खोऱ्याने वर चढायचं, खिंड ओलांडायची, पलीकडच्या नदीच्या खोऱ्याने उतरायचं. पण खोरं अरुंद, दोन्ही बाजूंना उभे कडे, पाय ठेवायला जागा नाही. मग त्या लोकांनी काय केलं, कड्याला चौकोनी भोकं पाडली, त्यांत तुळया ठोकल्या आणि तुळयांवर फळ्या टाकल्या. कड्याच्या पोटाला चिकटलेला लाकडी रस्ता, मैलोनमैल, खाली नदी. लढायांत मागे हटणारं सैन्य आपल्यामागे ह्या फळ्या जाळून टाकायचं, म्हणजे शत्रूला येता येऊ नये. आणि सैन्याचं धान्य त्यावरून कोण वाहणार? पकडून आणलेली माणसं. त्यांतली किती जळणाऱ्या फळ्यांच्या अलीकडे अडकली, कोण मोजतो.

अशा एका वाटेचं मॉडेल नरेशची कंपनी एका प्रदर्शनासाठी करत होती. डोळ्यांवर तो मोठा चष्मा लावायचा आणि त्या रस्त्यावरून चालायचं. तिथल्या टीमने ड्रोनने आणि लेझरने सगळा कडा मोजून पाठवला होता, हा इथे बसून तुकडे जोडत होता. एका ठिकाणी मात्र पन्नास मीटरचा रस्ताच नव्हता. फळ्या नाहीत, तुळया नाहीत, कडा काळा पडलेला. शुक्रवारी सकाळी साहेबांना मॉडेल दाखवायचं होतं, आणि त्या जागी पक्क्या फळ्या बसवायला आठवडा लागला असता.

नरेशची एक सवय होती. लेझर यंत्राला नवीन सॉफ्टवेअर आलं की तो ते घरी आणून आपल्या कॉरिडॉरवर तपासायचा. ऑफिसात सगळी काच, काचेवर लेझर चुकतो. त्यामुळे अकराव्या मजल्याचा कॉरिडॉर इंच न् इंच मोजलेला त्याच्याकडे तयारच होता. एका बाजूला भिंत, एका बाजूला खोल. लांबीही जवळपास तेवढीच. सोमवारी त्याने तो उचलला आणि त्या जळलेल्या जागी डकवून दिला. तात्पुरतं ठिगळ. फाइलच्या नावातही तसंच लिहिलं, टेम्पररी. फळ्यांचा रंग दिला की कुणाला कळणार आहे? तुम्हीही इंजिनिअर आहात, असली ठिगळं तुम्हीही लावली असतील. मी बोटीवर इंजिनला लावलेली आहेत.

पण टोकाची कोरी भिंत त्या ठिगळात तशीच राहिली होती. चालताना माणूस तिला धडकायचा. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता घरी निघताना नरेशने ती भिंत पुसून टाकली. रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा झाला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली.

पाण्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं, आबांनी नळ चालू ठेवला. उठून स्वयंपाकघरात गेला. नळ बंद. बाथरूम कोरडं. आवाज बाहेरून येत होता. खालून. अकरा मजल्यांखाली कार पार्क आहे, आणि तिथून... दगडांवर आपटत जाणाऱ्या नदीचा आवाज येत होता.

दाराबाहेरचं लोखंडी गेट उघडं होतं.

आबा बाहेर उभे होते. सगळे दिवे चालू, लख्ख उजेड. त्या उजेडात त्यांच्यापुढे एक ओझं होतं. आधी ओझंच दिसलं, माणूस नाही. लाकडी चौकट, तिला दोराने आवळलेली पोती, एकावर एक, डोक्याच्याही वर गेलेली. खाली दोन पाय. गवताच्या चपला. ओझ्याच्या बुडाशी एक काठी टेकवलेली, उभ्या उभ्या भार टेकायला. तोंड भिंतीकडे. पाय थरथरत होते.

त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे तिसरा. असे लिफ्टपर्यंत.

कुणी बोलत नव्हतं. कुणी खोकतही नव्हतं. फक्त पायांखालची फरशी करकरत होती... आणि फरशी सिमेंटची आहे, पोरांनो. ती लाकडासारखी करकरत होती.

"आबा," नरेश म्हणाला, "आत या."

"थांब जरा," आबा म्हणाले. मागे वळलेसुद्धा नाहीत. "ह्याचा म्होरचा माणूस आला न्हाय."

भीती नव्हती त्या आवाजात. भूतबित आबांनी कधी मानलंच नाही. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरात देवऋषी नाही, अंगारा नाही, भुताचं नावही नाही. दुसरा कुणी असता तर ओरडत आत पळाला असता, आणि वाचला असता. आबांना समोर माणूस दिसत होता. दमलेला माणूस.

नरेशच्या मात्र सगळं एकदम ध्यानात आलं. भिंत. ठिगळ. तो आत धावला, लॅपटॉप उघडला, ऑफिसचा कॉम्प्युटर जोडला. पासवर्ड तीनदा चुकला. मॉडेल उघडलं. ठिगळ निवडलं. एक बटण दाबलं की काम झालं असतं, ठिगळ गेलं असतं, रस्ता पुन्हा तुटला असता.

आणि मग त्याला पडद्यावर ते दिसलं. ठिगळाच्या टोकाशी एक उभा आकार. कॉरिडॉर मोजला तेव्हा तिथे कुणीही नव्हतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. उजवा खांदा किंचित खाली झुकलेला. आबांचा झुकतो तसा.

आबा त्याच्यावर उभे होते. ठिगळ पुसलं तर...

बटणावरचं बोट त्याने उचललं. मला सांगताना तो मोठा माणूस ढसाढसा रडला. म्हणाला, काका, दाबलं असतं तरी मीच मारलं असतं, आणि नाही दाबलं तरी मीच.

तो पुन्हा बाहेर गेला. आबा त्या ओझ्याच्या दोरांवरून हात फिरवत होते. कुठे आवळलंय, कुठे काचतंय, असं बघत होते.

"आबा, पाया पडतो. आत चला. हे खरं नाही."

"खरं न्हाय? पाय बग त्याचं."

"आबा..."

"तुझा आजा वेठ करायचा," आबा म्हणाले. "मामलेदार आला, फौजदार आला, की बोलवायचं आमास्नी. डोक्यावर सामान द्यायचं. आपल्या गावापासनं म्होरल्या गावाच्या शिवेपातूर न्यायचं. पैका न्हाय, भाकर न्हाय. शिवेवर त्या गावचा माणूस येणार, तो हात लावणार, मग सुटका. आपण खाली ठेवायचं न्हाय. म्होरचा न्हाय आला, तर रातभर हुबं ऱ्हायाचं. पावसात बी. म्या बघितलंय, नरेश. चार-पाच वर्साचा हुतो. आय मला घिऊन गेलती शिवेवर, भाकर द्यायला. खायला हात मोकळं न्हवतं त्याचं. आयनं भरवलं."

हे नरेशने याआधी कधीही ऐकलं नव्हतं. आबा गावचं काही बोलायचेच नाहीत.

"दीक्षा झाली तवा बानं सांगितलं, हुकमाचं वझं ह्या घरात परत कुणी उचलायचं न्हाय. म्या उचललं न्हाय. सायबाची पिशवी बी कधी धरली न्हाय."

"मग आता कशाला? आबा, कशाला?"

आबा पहिल्यांदा वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ह्यानं कुटं हुकूम केलाय? हा तर मागत बी न्हाय. म्हणून तर."

नरेशने त्यांचा दंड धरला. दोन्ही हातांनी धरला. शहात्तर वर्षांचा हडकुळा माणूस, हा चाळिशीचा. ओढून आत नेणं काय अवघड होतं? पण आबांनी दुसरा हात त्या ओझ्याला लावला होता. नुसता लावला होता. आणि नरेशला वाटलं, आपण एका माणसाला नाही, डोंगराला धरलंय. दंड हलेना. बोटं सुटायला लागली. एकेक. त्याने ओरडायचा प्रयत्न केला. शेजारी गोह आजीचं दार चार पावलांवर. आवाज फुटेना.

आबा खाली वाकले. चौकटीच्या दोरीत खांदे घातले. जुन्या सवयीचा माणूस घालतो तसे, आधी डावा, मग उजवा. काठी हातात घेतली.

त्या माणसाच्या पाठीवरून ओझं उतरलं.

तो सरळ झाला. हळूहळू, मणका मणका करत. मग वळला. "चेहरा पाहिलास?" मी विचारलं होतं. नरेश म्हणाला, पाहिला. काही भयंकर नव्हतं त्यात. विशी-बाविशीचा पोरगा होता. रडत होता. आणि बघता बघता तिथे नव्हता.

"म्होरल्या टप्प्यापातूर," आबा म्हणाले. श्वास जड झाला होता. "तिथं दुसरा माणूस आसंल. त्याला दिलं की आलोच. चारचा च्या टाकून ठेव."

समोर भिंत नव्हती.

अंधार होता. गार वारा येत होता, ओल्या दगडाचा वास. नरेशच्या घरात आयुष्यात कधी आला नव्हता इतका गार वारा. आबा त्यात शिरले. एक पाऊल. दुसरं. फळ्या वाजल्या. त्यांच्या मागून बाकीचे निघाले. एकेक जण नरेशच्या अंगाजवळून गेला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. तो दाराच्या चौकटीला धरून उभा... पाय उचलत नव्हता. जीभ उचलत नव्हती. मोजतही नव्हता किती गेले. आबांची पाठ दिसेनाशी झाली होती, तरी तो तिकडेच बघत होता.

शेवटचा गेला.

पाण्याचा आवाज थांबला.

तेव्हा त्याचे पाय सुटले. तो धावला आणि भिंतीवर आदळला. कोरी, गुळगुळीत, हाऊसिंग बोर्डाच्या पांढऱ्या रंगाची भिंत. कपाळ फुटलं. त्या आवाजाने गोह आजी बाहेर आली, तिनेच पोलिसांना फोन केला. दोन वाजून अडतीस मिनिटं, त्यांच्या नोंदीत आहे.

पोलीस आले. लिफ्टचा कॅमेरा पाहिला, जिन्याचा पाहिला. आबा खाली उतरलेले नाहीत. कठड्यावरून पडले म्हणावं तर खाली काही नाही. नरेशला दोन दिवस प्रश्न विचारले, सभ्यपणे विचारले, पण विचारले. तो काय सांगणार? फाइलमधली भिंत पुसली, असं सांगू? चारला त्याने चहा मात्र टाकला होता. पोलीस घरात असतानाच. तो आटून भांडं जळलं.

आणि शुक्रवारी सकाळी, हा पोलीस चौकीत बसलेला असताना, तिकडे ऑफिसात टीममधल्या एका मुलीने मॉडेल उघडलं. भली पोर. रात्र रात्र जागून तिने त्या पन्नास मीटरच्या खऱ्या फळ्या तयार केल्या होत्या. नरेशवर संकट आलंय, त्याचं काम आपण उरकावं, असं तिच्या मनात. तिने कॉरिडॉर काढला आणि फळ्या बसवल्या. नरेशने सोमवारी विचारलं तर इथल्या इंग्रजीत म्हणाली, "टेम्पररी ओन्ली व्हॉट. आय क्लिअर फॉर यू ऑलरेडी, डोंट वरी लाह."

रस्ता पूर्ण झाला. फक्त तो आता वुडलँड्सवरून जात नाही.

नरेशने स्वतःच्या लॅपटॉपवर तो कॉरिडॉर पुन्हा डकवला. भिंतीसकट डकवला, भिंत काढून डकवला, उलटा करून डकवला. रोज रात्री दोनला बाहेर खुर्चीवर जाऊन बसला. काही नाही. फरशी सिमेंटची ती सिमेंटचीच. भावना परत आली. तिने त्याला जवळ घेतलं, समजावलं, मग भांडली, मग म्हणाली, आपण हे घर सोडू. तो म्हणाला, आबांना इथला दुसरा पत्ता माहीत नाही. अजून तिथेच राहतात दोघं. रात्री गेटला कुलूप लावत नाहीत. प्रदर्शन झालं, लोक रांगा लावून त्या रस्त्यावरून चालून आले, पेपरात फोटो आला. मीही जाऊन आलो. चष्मा लावला आणि दहा पावलांवर काढून टाकला, पुढे जाववेना.

हो, सांगतो, तेच सांगतोय. घाई करू नकोस.

एप्रिलमध्ये तिथलं बर्फ वितळलं आणि त्या टीमने नवीन ड्रोन फोटो पाठवले. नेहमीचं काम. जळलेल्या जागेच्या पलीकडे, कड्याच्या पोटात, हातभर रुंदीची एक लांबच लांब पायरी उरलेली आहे. तिथे आता माणूस पोचू शकत नाही, दोर लावूनही नाही. नरेशने तो फोटो मला फोनवर मोठा करून दाखवला. त्या पायरीच्या दरीकडच्या कडेने दगड मांडलेले होते, नारळाएवढे. सारख्या अंतरावर, एका ओळीत. आणि प्रत्येकाला चुना मारलेला. आपल्याकडे घाटात पीडब्ल्यूडीची टोळी मारते ना, रात्री गाडीवाल्याला कड कळावी म्हणून, अगदी तसा. नरेशने तिथल्या लोकांना विचारलं. त्यांनी लिहिलं, आम्ही नाही, आम्हालाही आत्ताच दिसलं.

एप्रिलमध्ये सात दगड होते. गेल्या आठवड्यात पुन्हा फोटो आले. आता एकोणीस आहेत. नरेश मला म्हणाला, काका, नीट बघा, ओळ कुठल्या बाजूला वाढतेय. मी चष्मा पुसून पाहिलं, फोन फिरवून पाहिला, आणि त्याच्या हातात परत दिला. ओळ जळलेल्या जागेकडे, आपल्या बाजूला येत नव्हती... पलीकडे चालली होती.